पराभव संवत्सरातले पाळणे

जपानमध्ये दरवर्षी किती मुलं जन्मली याचा आलेख समोर घेतला, की १९६६ पाशी एक खाच दिसते. १९६५ मध्ये त्या देशात १८ लाख २४ हजार मुलं जन्मली, १९६६ मध्ये १३ लाख ६१ हजार आणि १९६७ मध्ये १९ लाख ३६ हजार. मधल्या एका वर्षापुरती साडेचार लाखांहून अधिक मुलं कमी. युद्ध नव्हतं, साथ नव्हती, दुष्काळ नव्हता. दोनच वर्षांपूर्वी टोकियोत ऑलिंपिक झालं होतं, टोकियो-ओसाका शिनकान्सेन धावू लागली होती, घरोघरी टीव्ही, फ्रिज आणि कपडे धुण्याचं यंत्र येत होतं. सरकारने कसलंही फर्मान काढलेलं नव्हतं. जे झालं ते पंचांगामुळे झालं.

आपल्याकडे प्रभवपासून क्षयपर्यंत साठ संवत्सरांचं चक्र आहे. चीन-जपानकडेही साठ वर्षांचंच चक्र चालतं. फक्त तिथे बारा प्राण्यांची पाच तत्त्वांशी सांगड घातलेली असते. त्यातलं त्रेचाळिसावं वर्ष ‘हिनोए-उमा’, म्हणजे अग्नी आणि घोडा एकत्र येण्याचं. या वर्षात जन्मलेली मुलगी तापट, हट्टी निघते आणि नवऱ्याचं आयुष्य कमी करते, असा समज. मंगळाच्या मुलीबद्दल आपल्याकडे काय काय बोललं जातं ते ठाऊक असलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको. फरक एवढाच, की मंगळ एखादीच्याच पत्रिकेत निघतो, आणि पत्रिका प्रसंगी गुंडाळूनही ठेवता येते. इथे एका वर्षात जन्मलेल्या सगळ्याच मुलींवर शिक्का बसायचा, आणि जन्मवर्ष काही लपत नाही. १९६६ च्या गुढीपाडव्याला आपल्याकडे सुरू झालेल्या संवत्सराचं नाव होतं पराभव. त्या नावाला भिऊन महाराष्ट्रात कोणी पाळणा लांबवल्याचं ऐकिवात नाही.

या समजाच्या मागे एक गोष्ट सांगितली जाते. एदो शहरातल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, एका भाजीवाल्याची मुलगी ओशिची. १६८२ च्या मोठ्या आगीत घर गेलं तेव्हा या कुटुंबाने एका देवळात आसरा घेतला आणि तिथल्या एका तरुणावर तिचं मन बसलं. नवं घर झालं, कुटुंब परत आलं, भेटी थांबल्या. पुन्हा आग लागली तर पुन्हा देवळात जायला मिळेल, या वेड्या आशेने तिने स्वतःच आग लावली, पकडली गेली आणि १६८३ मध्ये तिला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. तीन वर्षांनी इहारा साइकाकु या लेखकाने तिची कथा लिहिली. पुढे कठपुतळ्यांच्या आणि काबुकीच्या रंगमंचावर ती शेकडो वेळा उभी राहिली. तिचा जन्म १६६६ चा, म्हणजे हिनोए-उमाचा, असं लोकांनी धरून टाकलं. जन्माचा दाखला कोणी मागितला नाही.

आता १९०६ पाहू. तेही हिनोए-उमाचंच वर्ष. त्या वर्षी जन्म घटले ते सुमारे ४ टक्क्यांनी. त्यातही सगळीच घट खरी नव्हती: कित्येक बापांनी मुलीची नोंद आदल्या किंवा पुढच्या वर्षात करून घेतली. त्यामुळे कागदावर त्या वर्षी मुलगे नेहमीपेक्षा जास्त आणि मुली कमी दिसतात. ज्यांची नोंद खरी झाली, त्या मुली १९२० च्या दशकात लग्नाच्या वयाला आल्या आणि स्थळं मोडू लागली. अशा मुलींच्या आत्महत्यांच्या बातम्या तेव्हाच्या जपानी वर्तमानपत्रांत येत.

साठ वर्षांनी देश पार बदलला होता. शिक्षण वाढलं होतं, शहरं वाढली होती, आणि अंधश्रद्धेवर हसणारी माणसंही भरपूर होती. श्रद्धा पातळ झाली असेल तर घट ४ टक्क्यांहून कमी व्हायला हवी होती. झाली २५ टक्के.

हे कोडं सुटतं ते १९४७ ते १९५७ या दहा वर्षांत. युद्ध संपलं, सैनिक घरी परतले आणि १९४७ मध्ये जपानचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात होणाऱ्या मुलांची सरासरी, साडेचारच्या वर होता. देश भाजलेला, अन्न तुटपुंजं. १९४८ मध्ये गर्भपाताला काही कारणांसाठी मुभा देणारा कायदा झाला, १९४९ मध्ये त्यात आर्थिक अडचण हे कारण घातलं गेलं, आणि दार सताड उघडलं. सोबत निरोधाचा प्रसार, सुईणींमार्फत सल्ला, कारखान्यांतून कामगारांच्या बायकांसाठी वर्ग. १९५७ मध्ये जननदर जेमतेम २ वर आला होता. दहा वर्षांत निम्म्याहून कमी, आणि तेही गर्भनिरोधक गोळीशिवाय. (गोळीला जपानने परवानगी दिली ती थेट १९९९ मध्ये, अनेक वर्षं रेंगाळत ठेवून. त्याच वर्षी व्हायग्राला मात्र काही महिन्यांत हिरवा कंदील मिळाला. औषधखात्यात निर्णय कोण घेतं याचा अंदाज वाचकाने बांधावा.)

म्हणजे १९०६ मध्ये जोडप्यांच्या मनात भीती मोठी होती, पण हातात साधन नव्हतं. १९६६ मध्ये भीती अर्धी उरली होती, साधन मात्र पुरतं हाती आलेलं. दोन मुलांचं घर ठरलेलंच होतं. त्यातलं एक वर्षभर पुढे ढकलण्यात कोणाचं काय जात होतं? स्वतःचा विश्वास नसला तरी सासूचा होता. १९०६ च्या पिढीतल्या बायका नेमक्या त्याच वर्षी साठीला आल्या होत्या. त्यांनी काय भोगलं ते सगळ्यांना ठाऊक होतं. उद्या मुलीला स्थळ येताना कोणी बोट दाखवलं तर, एवढी शंका पुरे होती. या समजाविरुद्ध गुन्मा प्रांतातल्या एका गावाने मोहीम काढली, वर्तमानपत्रांनी समजावलं. उपयोग शून्य. मात्र १९६७ उजाडताच जन्मांचा आकडा १९६५ च्याही वर गेला.

जी मुलं तरीही जन्मली त्यांचं काही बिघडलं नाही. वर्ग लहान मिळाले, प्रवेशपरीक्षेला गर्दी कमी होती. ११ सप्टेंबर १९६६ ला जन्मलेली किको नावाची मुलगी पुढे राजघराण्याची सून झाली, आणि २००६ मध्ये, चाळीस वर्षं मुलगा न जन्मलेल्या त्या घराण्याला तिनेच वारस दिला.

१९६६ च्या शरदात जपानी दवाखान्यांच्या प्रसूतिगृहांत गर्दी कमी असताना रुमानियात नेमकं उलट घडायला सुरुवात झाली होती. तिथे सत्तेवर येऊन निकोलाय चाउशेस्कूला दीड वर्ष झालं होतं. १९५७ पासून रुमानियात गर्भपात कायदेशीर होता, स्वस्त होता, आणि दुसरं साधन जवळपास नसल्यामुळे कुटुंब नियोजनाचा तोच मुख्य मार्ग होता. १९६५ मध्ये एका जन्मामागे सुमारे चार गर्भपात अशी स्थिती होती. बायका कारखान्यात, घरं दोन खोल्यांची, पाळणाघरं अपुरी. जननदर २ च्या खाली उतरलेला. मोठा देश हवा, कामगार हवेत, सैनिक हवेत असं ज्याला वाटतं, त्याला हे खुपणारच.

ऑक्टोबर १९६६ च्या सुरुवातीला ७७० क्रमांकाचा हुकूमनामा निघाला. पंचेचाळीस वर्षांवरील स्त्री, चार मुलांची आई, बलात्कार, जिवाला धोका अशी मोजकी कारणं सोडली तर गर्भपात गुन्हा ठरला. गर्भनिरोधकं बाजारातून नाहीशी झाली, घटस्फोट जवळजवळ अशक्य केला गेला, आणि मूल नसलेल्यांवर जादा कर बसला. लोकांना सावध व्हायलाही अवसर नव्हता. १९६६ मध्ये २ लाख ७४ हजार मुलं जन्मली होती. १९६७ मध्ये ५ लाख २८ हजार. जननदर १.९ वरून ३.७ वर. शांततेच्या काळात एका वर्षात अशी उडी दुसऱ्या कुठल्या देशाने मारल्याचं मला ठाऊक नाही. प्रसूतिगृहांत एका खाटेवर दोघी, नवजात मुलांना पुरेशा सुईणी नाहीत, आणि बालमृत्यू वाढले. सात वर्षांनी हीच मुलं शाळेत आली तेव्हा बाकं कमी पडली. या पिढीला रुमानियात ‘हुकमाची मुलं’ अशा अर्थाचं नावच पडलं.

चाउशेस्कूने विजय साजरा केला असेल, पण आलेखावर नजर ठेवली तर गंमत कळते. १९६७ च्या शिखरानंतर जन्मदर हळूहळू घसरत गेला. हुकूम तोच, शिक्षा तीच. काळ्या बाजारात गोळ्या आल्या, कोणा दाईचा, कोणा डॉक्टरचा पत्ता बायका एकमेकींना कुजबुजत सांगू लागल्या, जोडपी सांभाळून राहू लागली. १९८३ मध्ये जन्मदर पुन्हा १९६६ च्या पातळीवर होता: हजारी १४.३. सतरा वर्षांची जबरदस्ती, आणि गाडी होती तिथेच.

मग पेच आवळला गेला. कारखान्यांत बायकांच्या सक्तीच्या तपासण्या सुरू झाल्या. गर्भ राहिल्याचं नोंदवलं गेलं की तो पूर्ण होतो की नाही यावर नजर. इस्पितळात रक्तस्राव घेऊन आलेल्या बाईकडून गर्भपात करणाऱ्याचं नाव वदवून घेतल्याशिवाय उपचार नाहीत, म्हणून सरकारी माणूस दाराशी. सूट हवी तर आता चार नव्हे, पाच मुलं. याने जन्म फारसे वाढले नाहीत; मरण वाढलं. १९८९ मध्ये रुमानियातला मातामृत्यूदर लाख जन्मांमागे १७० च्या आसपास होता, युरोपात सर्वांत वाईट, आणि त्यातले बहुतेक मृत्यू चोरून केलेल्या गर्भपातांमुळे झालेले. हुकूमनाम्याच्या तेवीस वर्षांत अशा मेलेल्या स्त्रियांची संख्या दहा हजारांच्या घरात जाते. नको असताना जन्मलेली, पोसणं न जमलेली सुमारे लाखभर मुलं सरकारी अनाथालयांत होती. ती चित्रं १९९० मध्ये जगभरच्या टीव्हीवर दिसली.

डिसेंबर १९८९ मध्ये तिमिश्वारात आणि बुखारेस्टच्या चौकांत जी तरुण पोरं गोळ्यांपुढे उभी राहिली त्यांतली बरीच एकवीस-बावीस वर्षांची होती. ‘हुकमाची मुलं’. हा काव्यगत न्याय सांगायला सगळ्यांना आवडतो. मला तो जरा सोपा वाटतो, कारण त्या वयाची पोरं कुठल्याही क्रांतीत पुढेच असतात. न्यायाची खरी नोंद दुसरीकडे आहे. २५ डिसेंबरला चाउशेस्कूला गोळ्या घातल्या गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारने ७७० रद्द केला. वीज नाही, पाव नाही, रस्त्यावर अजून गोळीबार चाललेला, आणि सर्वांत आधी उचललेल्या कामांत हे एक. पुढच्या वर्षभरात मातामृत्यू निम्म्यावर आले. १९६८ मध्ये जन्मलेल्या क्रिस्तियान मुंज्यूने या काळावर काढलेल्या चित्रपटाला २००७ मध्ये कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

तिसरी गोष्ट आपली. जानेवारी १९६६ मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्या तेव्हा देशात दुष्काळ होता आणि अमेरिकी गव्हाचं जहाज बंदरात लागलं की रेशनच्या दुकानात धान्य यायचं. जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. भारतीय स्त्रीला तेव्हा सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. माणसं जास्त आणि धान्य कमी हे गणित दिल्लीतही मांडलं जात होतं आणि वॉशिंग्टनमध्येही. त्याच वर्षी आरोग्य मंत्रालयात कुटुंब नियोजनाचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

खरं तर सरकारी पातळीवर कुटुंब नियोजन हाती घेणारा पहिला देश भारतच, १९५२ पासून. महाराष्ट्राने तर त्याच्याही आधी हा वाद घातला होता. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी विल्सन कॉलेजमधली प्राध्यापकी गमावली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतलं होतं. आणि १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तोही आंबेडकरांच्याच पक्षाकडून. ठराव पडला. शकुंतला परांजपे यांनी कर्व्यांचं काम पुण्यात आणि खेड्यापाड्यांत पुढे नेलं, आणि १९६६ मध्ये त्या राज्यसभेत बसलेल्या होत्या. कर्व्यांचा सगळा भर बाईने स्वतः ठरवण्यावर होता. सरकारी विभागाचा भर उद्दिष्टावर होता: अमुक जिल्हा, अमुक लूप, अमुक नसबंद्या.

लूप म्हणजे पुढे आलेल्या तांबीची थोरली बहीण. १९६५ मध्ये ती मोठ्या थाटात आली. स्वस्त, एकदा बसवली की काम झालं, असं अधिकाऱ्यांना वाटलं. पण ज्या गावात बाई डॉक्टर नाही, त्या गावात शिबिरात लूप बसवून पथक निघून गेलं की रक्तस्राव झालेल्या बाईने कोणाकडे जायचं? दोन वर्षांतच बायकांनी लूपकडे पाठ फिरवली. कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगला, दोन-तीन मुलांत भागवण्याच्या घोषणा रेडिओवर घुमल्या, आणि १९६८ मध्ये पंधरा पैशांना तीन या भावाने निरोध पानाच्या टपरीपर्यंत पोचला. मुंबई महापालिकेने तर लोकलच्या स्टेशनांवर नसबंदीची केंद्रं उघडली.

या सगळ्यात एक तारीख मला विशेष वाटते. १० डिसेंबर १९६६, मानवी हक्क दिन. बारा देशांच्या प्रमुखांनी सही केलेलं एक निवेदन संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणिसांनी, ऊ थांट यांनी, जाहीर केलं. किती मुलं हवीत हे ठरवणं हा आईबापांचा मूलभूत हक्क आहे, असा त्याचा आशय. त्या बारा देशांत भारत होता. दहा वर्षांनी त्याच पंतप्रधानांच्या राजवटीत, आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८२ लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यातले सुमारे तीन चतुर्थांश पुरुष. शिक्षकाचा पगार, रेशनकार्ड, घराचा गाळा, सगळं नसबंदीच्या दाखल्याला बांधलं गेलं. महाराष्ट्र विधिमंडळाने तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं. देशातलं असं पहिलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, एवढंच.

१९७७ मध्ये सरकार पडलं आणि पुढच्या वर्षी नसबंद्यांचा आकडा दहा लाखांच्याही खाली गेला. पुरुष जे निघून गेले ते परत आलेच नाहीत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी जवळपास ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली आहे. नवऱ्याची झाली असं सांगणाऱ्या ०.३ टक्के. आणीबाणीतली चीड पुरुषांची, ‘ऑपरेशन’ बायकांचं. जबरदस्तीची ही किंमत कुठल्याच सरकारी अहवालात खर्चाच्या रकान्यात दिसत नाही.

जननदर मात्र उतरत राहिला. केरळ, तमिळनाडूत आधी, महाराष्ट्रात मागोमाग, बिहारमध्ये उशिरा; मुली शाळेत गेल्या, लग्नाचं वय सरकलं, जन्मलेलं मूल जगेल याची खात्री आली. त्याच पाहणीत देशाचा आकडा २.० आहे, महाराष्ट्राचा १.७. रुमानियात हुकूम रद्द झाल्यावर तो १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत १.३ वर आला. जपानमध्ये १९९० च्या जूनमध्ये आदल्या वर्षीचा आकडा जाहीर झाला, १.५७, आणि देश हादरला, कारण तो १९६६ च्या १.५८ हून खाली होता. एका वर्षाचा अपवाद म्हणून जिच्याकडे बोट दाखवायचे, ती आता रोजची गोष्ट झाली होती, आणि यावेळी घोड्याला दोष देता येत नव्हता. नंतर पाळणाघरं, रजा, भत्ते, योजनांमागून योजना. २०२४ चा आकडा १.१५. या आलेखात २०२६ हे वर्ष पुन्हा हिनोए-उमाचं. खाच पडायची तर रेषेला मुळात थोडी उंची असावी लागते.

आपल्याकडे वारं फिरल्याची पहिली चाहूल दक्षिणेतून आली. लोकसभेतल्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या त्या १९७६ मध्ये, कुटुंब नियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांचा तोटा होऊ नये म्हणून; पुढे ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंध्रच्या मुख्यमंत्र्यांनी लोकांना जास्त मुलं होऊ द्या असं जाहीरपणे सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात तिथल्या विधानसभेने दोनपेक्षा अधिक मुलं असलेल्यांना स्थानिक निवडणुकीतून बाद करणारा नियम काढून टाकला. महाराष्ट्राने तसाच नियम २००१ मध्ये लागू केला होता. आंध्रमध्ये तो रद्द झाला तेव्हा तिथला जननदर १.७ होता, आणि नियमाचा धाक होता तो फक्त उमेदवारी अर्ज भरणाऱ्यांना.